आई ‘ए’, बाबा ‘बी’, भाऊ ‘एबी’ आणि मी ‘ओ’: असं होतं का?

चांदणवेल

आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय. त्यानिमित्ताने घरातल्या चौघांचेही रक्तगट तपासून घेतले. आई ए पॉझिटिव्ह, बाबा बी पॉझिटिव्ह, धाकटा भाऊ एबी पॉझिटिव्ह. माझा आला ओ पॉझिटिव्ह. रिपोर्ट देणाऱ्या माणसाने कागद पुढे सरकवताना एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि म्हणाला, “ही कुणावर गेली हो?” एवढंच. पण चार रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही. भावात आईचंही अक्षर आहे, बाबांचंही. माझ्यात दोघांचंही नाही. आईला या दिवसांत हे विचारायची हिंमत होत नाही.

दुसरं म्हणजे, आईला रक्त लागलं तर मी देऊ शकते ना? ओ सगळ्यांना चालतं असं ऐकलंय. निदान तेवढं तरी माझ्या हातून व्हावं.

जुना_रक्तपेढीवाला

बाळा, आज शांत झोप. तुझ्यात दोघांचंही अक्षर आहे, आईचंही आणि बाबांचंही. ते अक्षर ‘ओ’ आहे, म्हणून तुला दिसलं नाही.

रक्तपेढीत ३१ वर्षं काढली मी. कागदावर एकच अक्षर छापलेलं असतं, पण प्रत्येकाकडे रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. ए प्रतीतून तयार होणारं एन्झाइम साखळीच्या टोकाला एक साखर जोडतं, बी प्रतीतलं दुसरी. ओ प्रतीत सहसा जनुकाच्या मजकुरातलं एक अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि एन्झाइम कामाचं बनतच नाही. साखळी उघडीच राहते. म्हणून ए आणि ओ एकत्र आले की तपासणीत फक्त ए दिसतो. तुझी आई ‘ए-ओ’ आहे आणि बाबा ‘बी-ओ’. भावाला आईचा ए आणि बाबांचा बी मिळाला, तुला दोघांचाही ओ. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला ए, बी, एबी आणि ओ या चारही गटांची सारखीच शक्यता असते, चारात एक. आधीच्या भावंडाला काय मिळालं याच्याशी त्याचा संबंध नसतो.

हे कोडं जाणत्या लोकांनाही पटकन सुटलं नव्हतं. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये गट दाखवून दिले, पण ते पुढच्या पिढीत कसे उतरतात याचं बरोबर गणित मांडलं फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने, १९२४ मध्ये. त्या माणसाने तुला जे विचारलं ते विचारायला नको होतं. आमच्या कामात कागद द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, कारण पुढच्याचं अख्खं घर त्या कागदात असतं.

आता रक्त द्यायचं. ज्या भावाच्या अक्षरांनी तुझी झोप उडाली, त्याचं रक्त आईला अजिबात चालणार नाही. बाबांचंही नाही. ए गटाच्या माणसाच्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रव भागात, बीविरुद्धच्या अँटीबॉडीज तयारच असतात. त्यासाठी आधी कधी रक्त चढलेलं असावं लागत नाही. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर अशाच साखऱ्या असतात, त्यांच्याशी गाठ पडून जन्मानंतरच्या काही महिन्यांत त्या बनू लागतात. या अँटीबॉडीज चढवलेल्या रक्तातल्या बी पेशींना चिकटल्या की त्या पेशी शिरेतच फुटतात. थंडी वाजून येते, कंबर दुखते, लघवी लाल होते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्याला अख्खी पिशवी लागत नाही, थोडंसं रक्तही पुरतं.

तुझ्या ओ पेशींवर या अँटीबॉडीजना धरायला काही नाही, म्हणून गटाच्या हिशेबाने तुझ्या लाल पेशी आईला चालतील. तरीही तू थेट आईला देऊ नकोस. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही वेळा आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे टिकून राहतात आणि क्वचित उलट तिच्यावरच हल्ला करतात. हा प्रकार विरळा आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीवावर बेततो. म्हणून नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर पिशवीला किरणांची प्रक्रिया करून घ्यावी लागते. त्यापेक्षा तू रक्तपेढीत दे. ते दुसऱ्या कुणाला जाईल, आईला दुसऱ्या कुणाचं ए मिळेल.

दोन_लेकरांची_आई

काकांनी पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं लिहिलं नाही, ते मी लिहिते, कारण त्यातून मी गेले आहे. मी बी निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह. पहिली मुलगी पॉझिटिव्ह झाली, सुखरूप घरी आलो. बाळंतपणात तिच्या रक्ताचे थेंब माझ्या रक्तात गेले आणि माझ्या शरीराने ‘डी’विरुद्ध, म्हणजे रक्त पॉझिटिव्ह ठरवणाऱ्या पेशीवरच्या घटकाविरुद्ध, अँटीबॉडीज बनवल्या. ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायला हवं होतं. ते राहून गेलं. आम्हालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या वेळी त्या अँटीबॉडीज नाळेतून बाळाकडे गेल्या. जन्मला त्याच दिवशी तो हळदीसारखा पिवळा पडला. त्याचं रक्त थोडं थोडं काढून ओ निगेटिव्ह रक्त भरलं, निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलं. त्याची ती इवलीशी मूठ काचेपलीकडून पाहत मी सहा दिवस बसले. आज तो धडधाकट आहे. निगेटिव्ह बायांनो, गर्भपात झाला तरी हे इंजेक्शन लागतं का ते विचारा, आणि २८व्या आठवड्यातल्या डोसचंही विचारा. कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका.

जुना_रक्तपेढीवाला

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. एक भर घालतो. आईबाप दोघेही पॉझिटिव्ह असताना मूल निगेटिव्ह होऊ शकतं, कारण इथेही निगेटिव्ह प्रत लपून राहते. त्यावरूनही घरात संशय नको.

पायवाट

काका, मग आईबापांपैकी एक एबी असेल तर मूल ओ होणारच नाही ना? एबीकडे लपवायला ओ नसतोच. हे तरी पक्कं?

जुना_रक्तपेढीवाला

जवळजवळ पक्कं. असं दिसलं तर आधी पुन्हा तपासा. कागदावरची चूक कुठल्याही विरळ जनुकापेक्षा जास्त वेळा सापडते.

पण एक अपवाद मी स्वतः हाताळला आहे. एका तरुणाचा नमुना आला. पांढऱ्या टाइलवर निळं अँटी-ए आणि पिवळं अँटी-बी, म्हणजे ए आणि बीविरुद्धच्या अँटीबॉडीजची द्रावणं, दोन्हींत त्याचं रक्त गुळगुळीत राहिलं, गुठळी झाली नाही. म्हणजे ओ. मग त्याचा प्लाझ्मा घेऊन उलट तपासणी केली. ए पेशींच्या गुठळ्या झाल्या, बीच्या झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण तिसरी नळी ओ पेशींची, ती हलवली तर तळाशी विटेच्या चुऱ्यासारखे कण. ओ माणसाचा प्लाझ्मा ओ पेशींना सहसा धरत नाही. मी नळी धुतली, नवी घेतली, पुन्हा तेच. तो बॉम्बे गट होता.

डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगासमोर आणला आणि मुंबईवरून त्याला नाव पडलं. ए किंवा बीची साखर ज्या टोकावर बसते, ते ‘एच’ नावाचं टोकच या माणसांत नसतं. त्याचं जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे, एबीओचं ९व्यावर. त्यामुळे जनुकात ए असूनही वरवरच्या तपासणीत माणूस ओ दिसतो, आणि एबी बापाचं मूल ओ वाटू शकतं. त्यांना ओ रक्तही चालत नाही, कारण ओ पेशींवर एच भरपूर असतो. बॉम्बेला बॉम्बेच लागतो. तुमच्या गटाची उलट तपासणी झाली आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

चांदणवेल

काका, काल रात्री आईच्या पायाशी बसून तिला सगळं सांगितलं, ए-ओ, बी-ओ कागदावर काढून. ती म्हणाली, “चार दिवस हे एकटीने घेऊन बसलीस?” आणि मला जवळ ओढलं. मी शनिवारी रक्त देऊन येते. आईच्या बाबतीत आणखी काही लक्षात ठेवायचं का? भावाच्या वेळी तिला दोन पिशव्या रक्त चढलं होतं.

जुना_रक्तपेढीवाला

हे दोन पिशव्यांचं डॉक्टरांना आणि रक्तपेढीला आवर्जून सांग. गट जुळला तरी रक्तात आणखी बरेच लहान गट असतात, केल, किड, डफी वगैरे. जुन्या रक्ताने किंवा बाळंतपणाने त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनलेली असू शकते. काही वर्षांनी ती इतकी कमी होते की तपासणीत दिसत नाही, पण शरीर विसरत नाही, आणि तसंच रक्त पुन्हा गेलं की काही दिवसांत ती उसळून येते. त्या वेळचे कागद घरात असतील तर शोधून सोबत ने. आणि आईचा नमुना घेतील तेव्हा नळीवर तिचं नाव तिच्या समोरच लिहून घे.