विषय: गाडी अठराशे पौंडांची, टॅक्स 760

स्लाउहून, रविवार 14 सप्टेंबर 2025

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या खर्चाचे मेल अजून चालूच आहेत, त्यात मी माझं रडगाणं मधेच घुसवतोय, तेवढं सांभाळून घ्या. काल स्वॉन्झीहून डीव्हीएलएचं, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी आणि टॅक्स खात्याचं, पत्र आलं. माझ्या माझदा आरएक्स-8 या स्पोर्ट्स कारचा टॅक्स 30 सप्टेंबरला संपतोय आणि पुढच्या वर्षाचे 760 पौंड. दर महिन्याला डायरेक्ट डेबिट लावला तर वर पाच टक्के, म्हणजे महिन्याला साडेसहासष्ट आणि वर्षाचे 798. गाडी 2007 ची, नंबरप्लेट 07 पाटीची, आज विकायला काढली तर अठराशे आले तरी देव पावला म्हणायचं. म्हणजे अडीच वर्षांत आख्खी गाडी सरकारला परत विकत घेऊन द्यायची.

चालवतो किती तर रविवारी सकाळी, पाऊस नसेल तर, हेन्लीपर्यंत जाऊन यायचं. वर्षाला दोन हजार मैल. दारात बायकोची डिझेल हॅचबॅक उभी असते, ती रोज शाळा, ऑफिस, टेस्को करते, तिला वर्षाचा टॅक्स 20 पौंड! आणि गंमत म्हणजे माझ्या गाडीचं इंजिन कागदावर 1308 सीसी आहे, तिच्यापेक्षा लहान. रोटरी आहे (पिस्टनऐवजी आत रोटर फिरतो), मान्य, पेट्रोल पिते, मान्य, तेलसुद्धा पिते, पण 760?

कुणाला काही वाट माहीत असेल तर सांगा. नाहीतर विकायची का, तेही सांगा. घरात या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं आहे, म्हणून इथे विचारतोय.

— स्लाउकर

*

क्रॉयडनहून, रविवार रात्री

दादा, सीसी विसरा, तुमच्या गाडीला सीसीशी काही देणंघेणं नाही. 1 मार्च 2001 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाच सीसीवर टॅक्स लागतो, 1549 पर्यंत 220 आणि त्याच्या वर 360. तिथून मार्च 2017 पर्यंतच्या सगळ्या गाड्या सीओटूवर, म्हणजे किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर, ए ते एम बँड. 255 ग्रॅमच्या वर गेलं की एम, म्हणजे 760. आरएक्स-8 ची 192 हॉर्सपॉवरवाली 267 ग्रॅम आणि 231 वाली 299, दोन्ही एममध्येच. 226 ते 255 असेल तर एल, 735. त्याच्या खालचा के एकदम 430 वर येतो. मधली ही उडी बघा, 225 ग्रॅमला 430 आणि 226 ला 735. एका ग्रॅमला तीनशे पाच पौंड. आमच्या ऑफिसात असा स्लॅब मी कुणा क्लायंटला काढून दिला असता तर मला दारातून बाहेर काढलं असतं.

आता खरी गोम. 23 मार्च 2006 च्या आधी जी गाडी नोंदली गेली ती 225 च्या कितीही वर असली तरी केमध्येच राहते. त्या वर्षीच्या बजेटात तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी सगळ्यात धुरकट गाड्यांसाठी 210 पौंडांचा नवा वरचा बँड आणला तो त्या तारखेपासूनच्या गाड्यांना, आधीच्यांना नाही, आणि ती रेघ आजतागायत तशीच आहे. 210 चे 760 झाले, रेघ जागची हलली नाही. म्हणजे तुमच्यासारखीच आरएक्स-8, तोच रंग, तेच इंजिन, 2005 ची असती तर 430.

आणि यात 06 पाटीवाले सगळ्यात जास्त फसतात, कारण 06 पाटी 2006 च्या 1 मार्चला सुरू झाली. 22 मार्चला शोरूममधून निघाली ती 430, दुसऱ्या दिवशी निघाली ती 760, पाटी बघून काही कळत नाही. माझ्या भाच्याला अशीच एक निसान 350झेड घ्यायची होती, जाहिरातीत दहा फोटो, चाकं, सीट, एक्झॉस्ट, लॉगबुकचा, म्हणजे व्ही5सी या नोंदणीच्या कागदाचा, फोटोसुद्धा होता पण नेमका तारखेच्या रकान्यावर विकणाऱ्याचा अंगठा. भाचा म्हणाला मावशी योगायोग असेल. मी म्हटलं असेल, पण अंगठा बाजूला घेऊन एक फोटो पाठवायला सांग. आला नाही फोटो. व्ही5सीवर बी च्या पुढे पहिल्या नोंदणीची तारीख असते आणि व्ही.7 च्या पुढे सीओटू, हे दोन आकडे बघितल्याशिवाय कुणी डिपॉझिट देऊ नका.

तुम्ही मात्र 07, त्यामुळे तारखेचा काही फायदा नाही. बाकी वाट आहे एक, उद्या सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

— क्रॉयडनची ताई

*

लेस्टरहून, सोमवार सकाळी

चि. स्लाउकर,

तुझा मेल वाचला. माझी एमजीबी, जुनी स्पोर्ट्स कार, 1975 ची, टॅक्स शून्य, एमओटी ही दर वर्षीची तपासणी नाही, आणि परवा मुलीकडे लंडनला नेली तेव्हा युलेझचे, म्हणजे लंडनमध्ये धुरकट गाड्यांना रोज लागणारे, साडेबारा पौंडही नाहीत. चाळीस वर्षं झाली की गाडी ऐतिहासिक धरतात. पण हे आपोआप होत नाही बरं का, लॉगबुक घेऊन पोस्टात जावं लागतं, वर्ग बदलून घ्यावा लागतो, आणि नंतरही दर वर्षी शून्य पौंडांचा टॅक्स रीतसर काढायचा. विसरलं तर शून्याचाही दंड येतो, 80 पौंड. लवकर भरला तर 40.

आणि सुखासुखी मिळालेलं नाही हे. मी गाडी घेतली तेव्हा पंचवीस वर्षांनंतर माफी असा नियम होता, म्हटलं आलंच आता. तेवढ्यात त्यांनी ती माफी गोठवली, 1973 च्या आधीच्या गाड्या आत, बाकीचे बाहेर. माझी दोन-तीन वर्षांनी हुकली. मग जवळजवळ वीस वर्षं भरत राहिलो, पुन्हा चाळीस वर्षांचा फिरता नियम आला आणि 2016 च्या एप्रिलमध्ये सुटलो. येत्या एप्रिलपासून 1985 च्या गाड्या सुटतील.

तुझी 2007 ची म्हणजे 2048 च्या एप्रिलमध्ये. धीर धर.

— लेस्टरचे काका

*

मिल्टन कीन्सहून, सोमवार दुपारी

काका धीर धरायला पेट्रोल तरी मिळायला हवं ना 2048 ला 😄

मला यात वेगळाच राग आहे आणि तो लिहितोच. हा टॅक्स प्रदूषणावर आहे असं म्हणतात ना, मग हे बघा, एप्रिल 2017 नंतर नोंदलेल्या गाड्यांना सीओटूचा हिशोब फक्त पहिल्या वर्षी, नंतर सगळ्यांना एकच दर, सध्या 195. नवी असताना किंमत चाळीस हजारांच्या वर असेल तर दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत आणखी 425, बस. आता 2018 ची लॅम्बोर्गिनी घ्या, पहिल्या वर्षी 2070 भरले असतील मालकाने, मग पाच वर्षं जादाचे, ते पण संपले, आज ती 195 भरते. दहा सिलेंडरची गाडी, लाखभर पौंडांच्या पुढे किंमत, आणि स्लाउच्या दादाच्या अठराशेच्या गाडीच्या जवळजवळ चौथा हिस्सा टॅक्स. धूर कुणाचा जास्त ते सोडा, खिसा कुणाचा जास्त ते बघा.

जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी बंगलेवाला असेल. बंगलेवाल्याकडे एकतर नवी असते नाहीतर काकांसारखी शून्यवाली. मधली 2006 ते 2017 ची जी पंचवीस-तीस वर्षांची पोरं घेतात, पहिली हौसेची गाडी म्हणून, ती नेमकी या एम बँडात बसतात. दर वर्षी महागाईच्या दराने टॅक्स वाढतो आणि गाडीची किंमत उतरते, मग एक दिवस गिअरबॉक्स बोलायला लागला की मालक हिशोब करतो आणि गाडी भंगारात. चांगल्या चालणाऱ्या आरएक्स-8 तोडून सुटे भाग विकतायत लोक.

माझं स्वतःचं सांगायचं तर 1998 ची माझदा एमएक्स-5, 1.6, म्हणजे 1598 सीसी. मर्यादा 1549. एकोणपन्नास सीसीसाठी वर्षाला 140 पौंड जास्त. एवढंसं इंजिन कोपऱ्यात कापून फेकता आलं असतं तर फेकलं असतं.

— एमके

*

रेडिंगहून, सोमवार संध्याकाळी

सगळ्यांचा मान राखून विरुद्ध बाजू मांडतो. हौसेला मोल नसतं असं आपणच म्हणतो ना, मग मोल मागितलं की ओरडायचं कशाला? 299 ग्रॅमची गाडी ज्याने घेतली त्याला हे आकडे घेताना दिसत होतेच. माझी निसान लीफ, इलेक्ट्रिक, 2018 ची, परवापर्यंत शून्य होतं, या एप्रिलपासून नियम बदलला आणि आता तीही 195. मी कुठे मेल लिहिला?

आणि पुण्याला बघा, माझ्या भावाने गाडी घेतली तेव्हा आरटीओचा वन-टाइम टॅक्स किमतीच्या टक्क्यांवर एकदम मोजून घेतला, दारात गाडी यायच्या आधीच लाखांत पैसे गेले. इथे निदान वर्षावर वर्ष देता येतात, नको असेल तर थांबता येतं.

— रेडिंगवाले

*

मिल्टन कीन्सहून, सोमवार रात्री

भाऊ, पुण्याला एकदा भरले की पंधरा वर्षं कुणी विचारत नाही, आणि गाडी जुनी झाली म्हणून दर वर्षी वाढवून मागत नाहीत, तुलना करायची तर पूर्ण करा. आणि प्रदूषणाचंच म्हणत असाल तर ते पेट्रोलवर आधीच वसूल होतं. दादा दोन हजार मैल चालवतो, ही गाडी गॅलनला वीस मैल देते असं धरा, म्हणजे शंभर गॅलन, साधारण 455 लिटर. लिटरमागे ड्यूटी 52.95 पेन्स, म्हणजे 240 पौंड त्याने पंपावरच दिले, वर व्हॅट वेगळा. जो जास्त चालवतो तो जास्त देतो, हा झाला न्याय. 760 मात्र गाडी उभी राहिली तरी तेवढेच आणि वर्षाला वीस हजार मैल धूर काढला तरी तेवढेच. दादाला मैलामागे 38 पेन्स पडतात, फक्त टॅक्सचे!

तुमच्या लीफचं मात्र वाईट वाटलं, खरंच.

*

क्रॉयडनहून, मंगळवार

भांडून झालं असेल तर वाट सांगते.

दादा, तुम्ही हिवाळ्यात ती गाडी काढतच नाही, मग सॉर्न करा, म्हणजे गाडी रस्त्यावर आणणार नाही असं डीव्हीएलएला कळवा. फुकट आहे. पत्रावर जो सोळा आकडी नंबर आहे तो वापरून आत्ताच ऑनलाइन केलंत तर 1 ऑक्टोबरपासून लागू होईल, म्हणजे सप्टेंबरचा भरलेला टॅक्स वाया जात नाही. लॉगबुकवरचा अकरा आकडी नंबर घातलात तर त्याच क्षणी लागू होईल आणि रविवारचं हेन्ली गेलं, तेवढा फरक लक्षात ठेवा. मग एप्रिलच्या 1 तारखेला टॅक्स सुरू करा, महिन्याच्या शेवटी नाही, कारण 28 ला काढलात तरी आख्खा महिना मोजतात. दर महिन्याचा डायरेक्ट डेबिट लावा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा सॉर्न. आजच्या दराने सहा महिन्यांचे 399 होतात, एकरकमी सहा महिन्यांचा घेतलात तर 418, म्हणून महिन्याचाच बरा. एप्रिलमध्ये दर थोडे वाढतीलच, ते धरून चाला.

अट एकच, सॉर्न गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही, घरासमोर असली तरी. चालवताना पकडलं तर अडीच हजारांपर्यंत दंड. आधी वेळ घेऊन एमओटीला नेता येते, तेवढीच सूट. इन्शुरन्स सॉर्नमध्ये सक्तीचा नाही, पण चोरी आणि आगीपुरता ठेवा, ऐकलं तर.

आणि विकायचीच ठरली तर महिन्याच्या शेवटी विका. ऑक्टोबर 2014 पासून टॅक्स नव्या मालकाकडे जात नाही, तुम्हाला उरलेल्या पूर्ण महिन्यांचाच परतावा मिळतो आणि घेणाऱ्याला लगेच स्वतःचा काढावा लागतो, म्हणजे 2 तारखेला सौदा झाला तर त्या महिन्याचे पैसे स्वॉन्झीला दोघांकडून मिळतात.

*

स्लाउहून, बुधवार

ताई, शंभर वर्षं जगा. केलं सॉर्न, 1 ऑक्टोबरपासून.

आता पुढचा घोळ. आमचा ड्राइव्ह एकापाठी एक अशा दोन गाड्यांचा, आणि आरएक्स-8 रस्त्यावर लावता येत नाही म्हणजे ती आत, भिंतीला, आणि बायकोची मागे. ती म्हणाली बरं, निदान माझी अडकणार नाही. पण ड्राइव्हच्या टोकाला शेड आहे, ग्रासकटर, सायकली, गणपतीचं मखर सगळं तिथे, आणि शेडचं दार उघडायला आरएक्स-8 चार फूट मागे घ्यावी लागते. ज्यांना रोटरी माहीत नाही त्यांच्यासाठी, हे इंजिन थंड असताना चालू करून चार फूट सरकवून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं आणि पुन्हा चालूच होत नाही. नीट गरम होईपर्यंत चालू ठेवायचं, मगच बंद करायचं. म्हणजे सायकल काढायची तर रविवारी सकाळी पंधरा मिनिटं ड्राइव्हवर इंजिन गुरगुरत ठेवायचं, शेजारच्या आजी पडदा बाजूला करून बघणार. न्यूट्रलला टाकून ढकलायचा पर्याय आहे, पण उतार घराच्या दिशेने आहे.

रेडिंगवाले, तुमचं पटलं नाही पण हिशोब तुमचाही बरोबर आहे, घेताना आकडे दिसत होते. घेतली तेव्हा निम्म्याच्या आसपास होता टॅक्स, एवढंच म्हणतो.

विकत नाहीये. मात्र कुणाकडे नोव्हेंबर ते मार्च रिकामं गॅरेज असेल, विंडसर, लँगली, मेडनहेड कुठेही, तर कळवा. भाडं देईन, 399 वाचलेत त्यातूनच. बॅटरीच्या चार्जरसाठी आत प्लग पॉइंट हवा, आणि छत गळत नसावं.

— स्लाउकर

*

लँगलीहून, बुधवार रात्री

गॅरेज आहे, प्लगही आहे. आत आत्ता मंडळाच्या साठ खुर्च्या आणि दोन स्पीकर आहेत, दिवाळीच्या कार्यक्रमाला हलतील. त्यानंतर आणा. भाडं नको, खुर्च्या हलवायला मात्र या.