ओम्नीची दुरुस्ती: घरच्या ग्रुपवरील चर्चा

वहिनी: सर्वांना नमस्कार. गाडीबद्दल पुन्हा लिहावे लागत आहे, कारण मागच्या वेळी अंगठ्याच्या खुणांपलीकडे कोणाकडूनही उत्तर आले नाही. सोमवारी आजींना कोल्हापूरला नेताना आंबा घाटाच्या चढणीवर इंजिनाचा आवाज वाढत होता आणि गाडी मात्र वेग घेत नव्हती. परतताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मधल्या सीटखाली ठण्ण असा आवाज येत होता, आणि आजी नेमक्या तिथेच बसतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याच्या इंजेक्शनची तारीख आहे. या अवस्थेत मी त्यांना त्या गाडीतून नेणार नाही.

भाऊकाका: आईची काळजी आम्हा सर्वांनाच आहे. माझे मत पूर्वीचेच आहे, गाडी विकावी. मॉडेल २००८ चे आहे आणि २०१९ मध्ये कंपनीने ओम्नी बनवणेच बंद केले. तिच्यात पैसे घालणे म्हणजे ते पाण्यात टाकणे आहे.

अण्णा: काका, विकून जे पैसे येतील त्यात दुसरी गाडी दारात उभी राहणार नाही, हे आपण मागच्या गणपतीतच बोललो होतो. काल मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली तेव्हा मीही खाली उतरून पाहिले. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ओढ नेणारा लांब दांडा, हाताने फिरवला की त्याच्या मागच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, म्हणजे क्रॉस, जागच्या जागी खळखळतो आणि त्याच्या टोपीभोवती गंजाची तांबूस भुकटी जमली आहे. दोन्ही क्रॉस, क्लच सेट, गिअरबॉक्सचे मागचे सील आणि जुन्या बाजारातून अख्खे डिफरन्शियल (शाफ्टची ओढ मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा), अशी यादी त्यांनी दिली आहे.

आत्या: खर्च किती सांगितला?

अण्णा: मजुरी धरून एकवीस हजार. डिफरन्शियल वगळले तर साडेनऊ.

भाऊकाका: म्हणूनच मी विकावी असे म्हणतो आहे.

संजू: आजीने मला फोनवर सांगितले की गाडीखाली कोणीतरी सारखे नारळ फोडते आहे.

आत्या: संजू, तिने हसत सांगितले असेल, पण तिला भीती वाटते आहे हे समजून घे.

दादा: अण्णाने पाहिलेली भुकटी महत्त्वाची आहे. क्रॉसच्या टोपीत सुईसारख्या रोलरचे बेअरिंग असते. त्यातले ग्रीस संपले की रोलर कोरडे घासले जातात, गंजतात आणि तीच भुकटी सीलमधून बाहेर येते. असा क्रॉस पुन्हा ग्रीस भरून सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असले तरी ओढ मागच्या चाकांना आहे, म्हणून घाट उतरताना गिअरमुळे मिळणारा रोधही याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोहोचतो. उतारावर क्रॉस तुटला तर तो रोध क्षणात जाईल आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येईल. शाफ्टचे सुटलेले टोक खाली आपटेल ते वेगळेच. त्यामुळे गाडी ठेवायची असो वा विकायची, क्रॉस बदलल्याशिवाय ती घाटात नेऊ नये.

क्लचचे म्हणाल तर वहिनींनी सांगितलेले लक्षण क्लच प्लेट सरकत असल्याचेच दिसते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी शाफ्ट काढावाच लागतो, म्हणून ही कामे एकत्र केली तर मजुरी दोनदा लागणार नाही. शाफ्ट निघाला की मागचे सीलही बदलता येते. डिफरन्शियल मात्र मी आज बदलणार नाही. त्यातले ऑइल काढून पाहावे. बारीक राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज असते, गिअरच्या दातांचे कण निघाले तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. जुन्या बाजारातले डिफरन्शियल किती चालले आहे, याची खात्री कोण देणार?

भाऊकाका: क्लच दोन वर्षांपूर्वीच बदलला होता आणि त्यात माझाही वाटा होता. गाडीत आंब्याच्या पेट्या छतापर्यंत भरून घाट चढवल्यावर कोणता क्लच टिकणार?

अण्णा: त्या पेट्यांपैकी काही दादरला तुमच्याकडेही उतरल्या होत्या, काका.

वहिनी: कृपया पेट्यांचा हिशेब इथे नको. मला फक्त इतकेच कळायला हवे की गाडी दुरुस्त होणार आहे की नाही.

भाऊकाका: माझे म्हणणे एवढेच की २०२३ मध्ये करून घेतलेले नोंदणीचे नूतनीकरण २०२८ पर्यंतच चालेल. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल आणि अशा गाड्यांसाठी शुल्क २०२५ मध्ये दहा हजार झाले आहे. त्यापेक्षा आताच विकावी.

दादा: काका, हा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच २०२८ पर्यंत सुरक्षित चालेल इतकेच काम करावे आणि एकवीस हजारांच्या यादीला होकार देऊ नये, असे मला वाटते. डिफरन्शियलच खराब निघाले तर मात्र मी स्वतः विकण्याच्या बाजूने असेन.

आत्या: मला हे पटते. साडेनऊपैकी निम्मे मी देते, उरलेले तुम्ही तिघे वाटून घ्या. या वेळच्या इंजेक्शनसाठी आईला भाड्याच्या गाडीने आणा, ते पैसेही माझ्याकडून.

अण्णा: उद्या सकाळी गाडी गॅरेजमध्ये लावतो. काढलेले भाग परत मागून घेतो आणि ऑइलचे फोटो इथे टाकतो.

भाऊकाका: माझा वाटा आज पाठवतो. विकण्याबद्दलचे माझे मत कायम आहे.

दादा: अण्णा, शाफ्ट सोडवण्याआधी फ्लँजवर, म्हणजे तो जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या चकतीवर, रंगाने खूण करायला सांग, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. उलटा बसला तर वेगात गाडी थरथरू शकते आणि मग दोष नव्या क्रॉसवर जातो. ऑइलच्या फोटोंसोबत ते काढायच्या प्लगच्या (बुचाच्या) टोकाचाही जवळून फोटो टाक.