कुत्रा उचलताना किंचाळतो, पण पाय चाचपले तर गप्प

कुत्र्याचे पाय दाबल्यावर काही नाही आणि उचलताच किंचाळतो, म्हणजे आधी मान-पाठीच्या मणक्यांचा संशय घ्या. डॅशहुंड, शिह त्झू या जातींत मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकणं नेहमीचं. साध्या एक्स-रेत चकती सहसा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून निर्धास्त होऊ नका.

बगलेत धरून उचलणं बंद. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ सपाट. उड्या, जिने बंद, गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा).

मागचा पंजा हलकेच उलटा टेकवून बघा. लगेच सरळ केला नाही, चाल लडखडली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अजिबात नको. आधी दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण आयबुप्रोफेनवर स्टेरॉइड दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो.