मदत हवी आहे : हाताची सूज, नागपूरचं ऊन आणि थोडी सोबत

नमस्कार मैत्रिणींनो. मी ६८ वर्षांची, सक्करदऱ्याला राहते. कॅन्सरमुळे डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता रोज लेट्रोझोलची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली हार्मोनवरची) गोळी सुरू आहे.

ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतो. कॉम्प्रेशन स्लीव्ह (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) घालायला सांगितली आहे, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोर बसूनही ती सहन होत नाही. उन्हानं सूज तर आणखीच वाढते. तुम्ही उन्हाळ्यात कसं निभावता? कूलरमध्ये पाणी भरायचं काय करता? त्या हातानं जड बादली उचलायची नाही आणि घरी आम्ही दोघंच म्हातारे.

काढलेल्या स्तनाच्या जागी, ब्लाऊजमध्ये नीट बसेल असं सुती कापडाचं हलकं पॅड इथे कुणी शिवून देतं का? सिलिकॉनचं घामानं नकोसं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नंदनवन, मानेवाडा, सक्करदरा भागात माझ्या वयाच्या, याच आजारातून गेलेल्या कुणी आहात का? मुलं फार जीव लावतात, पण रिपोर्टच्या आदल्या रात्रीची भीती त्यांच्यापाशी बोलवत नाही. आठवड्यातून एकदा संध्याकाळी भेटू, तपासणीला एकमेकींसोबत जाऊ. चहा माझ्याकडे. कृपया कळवा.