सांताक्रूझची सायकल सहल: आधी पंप ट्रॅक, मग वाइल्डर रँच

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरची सहल कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला न्यायचा विचार आहे. सात ते चौदा वर्षांची मुलं आणि काही पालक सायकल चालवणार आहेत. मुलांना सोकेल डेमोन्स्ट्रेशन फॉरेस्टमधला फ्लो ट्रेल हवाय, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. नवशिक्यांना तिथे न्यावं का? बऱ्याच सायकली भाड्याच्या असतील, त्या घेताना काय बघायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

प्रेषक: एक सभासद

नमस्कार,

फ्लो ट्रेल या खेपेला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रेल देखणा आहे, रेडवुडच्या सावलीतून सुमारे चार मैल वळणं आणि उंचवटे. पण तो संपतो खाली, आणि गाड्या राहतात वर. हिन्स मिलच्या कच्च्या रस्त्याने गाड्यांपर्यंत परत चढावं लागतं, आणि तोवर मुलांचे पाय गळालेले असतात. फोनला रेंज भरवशाची नाही, त्यामुळे कुणाचं मनगट दुखावलं तर मदत बोलावण्यातच वेळ जातो.

त्याऐवजी सकाळी लाइव्ह ओकमधल्या शँटिक्लीअर पार्कातल्या पंप ट्रॅकवर (उंचवटे आणि वळणं असलेला छोटा गोल ट्रॅक) दीड-दोन तास घालवा. धाकट्यांसाठी तिथेच खेळायला मोठी जागा आहे. ट्रेलवर लागणारं जवळजवळ सगळं कौशल्य या छोट्या गोल ट्रॅकवर शिकता येतं, आणि पडलं तरी कमी वेगात.

पंप ट्रॅकवर पायडल मारायचं नसतं. नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून झोका चढवताना आपण तळाशी अंग ताणतो आणि टोकाला गुडघे वाकवून हलके होतो. इथेही तेच करायचं. उंचवट्यावर चढताना हात-पाय दुमडून सायकल अंगाशी येऊ द्यायची, माथा ओलांडला की उतारावर दोन्ही चाकं खाली दाबायची. वेग त्या दाबण्यातून मिळतो. मुलं नेमकी उलट वागतात. माथ्यावर हँडल ओढतात, मग पुढचं चाक पुढच्या चढावर आदळतं आणि सायकल जागीच थांबते. दुसरी चूक बसून राहण्याची. सीट खालून फटका देते आणि पोर हँडलवरून पुढे जातं. म्हणून सीट पूर्ण खाली, दोन्ही पायडल जमिनीला समांतर, आणि साइड स्टँड असेल तर काढून टाका. उसळीत तो खाली येतो आणि वळणावर अडकतो.

कडेला उचललेल्या वळणात शिरण्याआधीच ब्रेक लावून घ्यावा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की सायकल उभी होऊन सरळ कडेबाहेर जाते. नजर चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं आणि दोन सायकलींत निदान तीन उंचवट्यांचं अंतर ठेवायचं.

सायकल घेताना सगळ्यात महत्त्वाचं: भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. तिकडे सायकल शिकलेल्या पालकांनी हे फार मनावर घ्यावं. घाबरल्यावर हात जुन्या सवयीने दाबतो, आणि उतारावर पुढचं चाक अडकलं तर माणूस उडतो. हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या अदलाबदल करत बसण्यापेक्षा पार्किंगमध्ये दहा मिनिटं सपाटीवर सराव करा.

---

प्रेषक: दुसऱ्या सभासद

दादांशी सहमत. दुपारसाठी वाइल्डर रँच स्टेट पार्क घ्या. पार्किंगला शुल्क आहे, कुत्र्यांना बंदी आहे.

लहानांना समुद्राच्या बाजूचा ओल्ड कोव्ह लँडिंग ट्रेल द्या. अंदाजे अडीच मैलांचा, सपाट, एका बाजूला ब्रसेल्स स्प्राउट्सची शेतं तर दुसऱ्या बाजूला कडा. कड्याची माती ठिसूळ आहे, फोटोसाठी काठावर जाऊ देऊ नका. मोठ्या मुलांना हायवे १ च्या खालच्या बोगद्यातून डोंगराकडे नेता येईल. एंगेल्समन लूप रुंद आहे पण उघड्यावर आहे आणि चढ दमवतो. वर पिण्याचं पाणी मिळत नाही, माणशी दीड लिटर खालूनच न्या. एन्चँटेड लूप मात्र टाळा. मुळं आणि तीव्र उतार आहेत, नवख्यांचं काम नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस पडून गेला नसेल तर कठीण जमिनीवर भुसभुशीत धूळ असते. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. घोडा दिसला की उतरून उताराच्या बाजूला उभं राहा आणि शांत पण ऐकू येईल अशा आवाजात नमस्कार करा, म्हणजे सायकलसोबत माणूस आहे हे त्याला कळतं.

टायरमधली हवा: ७० किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या रुंद टायरमध्ये पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय. ट्यूबलेस असेल तर त्याहून चार कमी. ट्यूबमध्ये हवा कमी पडली तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अशा पंक्चरला दोन पॅच लागतात, एक लावून पुढे गेलात तर पाच मिनिटांत पुन्हा उतरावं लागेल. ३० किलोच्या मुलाला १८ पुरे. पंप ट्रॅकवर मात्र सगळ्यांनी दहा-एक पीएसआय जास्त भरावी, मऊ टायर दाब खाऊन टाकतो.

आणि पॉइझन ओक! तीन-तीन पानांची झुडपं वाटेच्या कडेला असतात, शरदात लाल होतात आणि मुलांना तोडावीशी वाटतात. ही वनस्पती आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातली. बिब्बा उतल्यावर काय होतं हे आजी सांगायच्या, इथेही तसंच. तेल अंगाला लागलं की लगेच थंड पाणी, साबण, आणि फडक्याने घासून धुणं. मोजे, बूट आणि हँडलच्या मुठी धुवायला विसरलात तर तेच तेल आठवड्याने पुन्हा अंगाला लागतं. फोडातल्या पाण्याने मात्र ते पसरत नाही.

---

प्रेषक: सहल समिती

दोघांचेही आभार. पंप ट्रॅक आणि वाइल्डर असं नक्की करतो. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं ठेवू का? आणि आदल्या दिवशी पाऊस झाला तर?

---

प्रेषक: एक सभासद

अठरा वर्षांखालच्यांना कॅलिफोर्नियात कायद्यानेच हेल्मेट लागतं, मोठ्यांना मंडळाने लावावं. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जाईल इतपत घट्ट, हेल्मेटची कड भुवयांच्या दोन बोटं वर.

पाऊस झाला तर मातीच्या पंप ट्रॅकवर पाऊल ठेवू नये. बोटाने दाबून खड्डा पडला म्हणजे ट्रॅक ओला आहे. ओल्यात उमटलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढच्याचं चाक तिच्यात अडकतं. ट्रेललाही हेच लागू. डांबरी ट्रॅक असेल तर कोरडा झाल्यावर चालेल, पण तिथे कातडी सोलवटते, लांब बाह्या आणि हातमोजे हवेत.

सामानात प्रत्येक मापाची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) ठेवा. लिंक गिअरच्या संख्येनुसार वेगळी असते, बारा गिअरच्या चेनला दहाची बसत नाही. भाड्याच्या दुकानातून डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी) त्याच मॉडेलचा मागून घ्या, एकाचा दुसऱ्याला होत नाही. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून तेल द्या. खाऱ्या धुक्यात दोन रात्रींत गंज धरतो. स्प्रेचं तेल ब्रेकच्या डिस्कजवळ नेऊ नका, पॅड एकदा तेलकट झाले की बदलावेच लागतात.