मदत हवी आहे: सोरायसिस की जुना इसब? स्लाइडवर दोन्हीच्या खुणा

कोपरावरच्या जाड चट्ट्याचा 4 मिमी पंच (गोल पात्यानं काढलेला त्वचेचा तुकडा), 10 टक्के फॉर्मेलिन, 4 मायक्रॉनचे छेद, एच अँड ई (नेहमीचं रंजन). अ‍ॅकॅन्थोसिस (बाह्यत्वचा जाड होणं) ठळक, रीटे रिजेस (बाह्यत्वचेच्या खाली उतरणाऱ्या घड्या) बऱ्यापैकी एकसारख्या लांबीच्या. वर पॅराकेरॅटोसिस, म्हणजे शिंगी थरातल्या पेशींत केंद्रकं अजून शिल्लक, आणि त्यातच न्यूट्रोफिल्सचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) बारीक पुंजका, मन्रो मायक्रोअ‍ॅब्सेस म्हणावा असा. इथवर सोरायसिस.

घोडं अडतंय ते खाली. दोन जागी स्पॉन्जिओसिस, म्हणजे इसबाकडे बोट दाखवणारी खूण, आहे: पेशी पाण्यानं एकमेकींपासून सरकल्यात, पण मधले धागे ताणलेले, शाबूत दिसतात. (म्हणून हे अ‍ॅकॅन्थोलिसिस, म्हणजे पेशींमधले दुवे तुटणं, नाही. रिपोर्टात हे दोन शब्द अदलाबदल झाले तर पेम्फिगसची (फोड येणाऱ्या एका आजाराची) नाहक शंका घेतली जाते.) ग्रॅन्युलर थरही (शिंगी थराच्या लगेच खालचा) एकीकडे गायब, दुसरीकडे चांगला जाड, जाड भाग खाजवण्यामुळे झाला असावा.

छेद जरा तिरका बसलाय. त्यामुळे रीटे रिजेस आहेत त्याहून लांब दिसतात, आणि पॅपिलांवरचा (रीटे रिजेसच्या मधे वर आलेल्या अंतस्त्वचेच्या टोकांवरचा) थर खरंच पातळ आहे का, हे ठरवता येत नाही. मेणाचा ब्लॉक वितळवून तुकडा पुन्हा उभा बसवावा, की आधी खोलवरचे छेद घ्यावेत? तुकडा लहान, पुन्हा ट्रिमिंगमध्ये टिश्यू जाण्याची धास्ती आहे. बुरशीतही शिंगी थरात न्यूट्रोफिल्स येतात, म्हणून पीएएस (बुरशी दाखवणारं रंजन) लावलंय.

पीएएस निगेटिव्ह आलं, तर ‘सोरायसिफॉर्म स्पॉन्जिओटिक डर्मटायटिस’ (सोरायसिससारखा दिसणारा, स्पॉन्जिओसिस असलेला त्वचादाह) एवढंच लिहून थांबावं का? त्वचारोगतज्ज्ञांना एवढ्यावर उपचार ठरवता येतात का, हे कृपया सांगा.