तारखेप्रमाणे फवारणी करूनही तुडतुडे आणि फळमाशी आटोक्यात का येत नाहीत?

प्रश्न

मिश्र बाग आहे: आंबा, पेरू आणि कागदी लिंबू. किडींच्या बंदोबस्ताचं वेळापत्रक तारखांवर बांधलेलं आहे. यंदा आंब्याचा मोहोर उशिरा आला, तोही दोन टप्प्यांत, आणि दोन्हींत साधारण तीन आठवड्यांचं अंतर. पहिल्या टप्प्यावर फवारणी झाली, तरी दुसऱ्या मोहोरावर तुडतुड्यांची गर्दी आहे. पेरूत मिथिल युजेनॉलचे (वासाने फळमाशी ओढणाऱ्या आमिषाचे) सापळे माश्यांनी भरतात, पण फळं डंखलेली निघतात. लिंबाच्या पानांवर नागमोडी रेषा आहेत. तारीख सोडली, तर नेमकं काय पाहून वेळ ठरवायची?

उत्तर १

झाडाची अवस्था पाहून. तुडतुड्याला महिना कळत नाही, त्याला कोवळा मोहोर कळतो. एरवी प्रौढ तुडतुडे खोडाच्या सालीतल्या भेगांत दडून असतात. मोहोराचे डोळे फुगू लागले की वर येतात आणि मोहोराच्या कोवळ्या दांड्यांत व कळ्यांत अंडी घालतात. उबदार हवेत अंड्यापासून नवा प्रौढ व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणजे तुमच्या दोन मोहोरांमधलं अंतर बरोबर एका पिढीचं झालं. पहिल्या मोहोरावर वाचलेले आणि तिथे नव्याने तयार झालेले, सगळे दुसऱ्यावर गेले.

पाहणी अशी करा. मोहोराखाली पांढरा कागद धरून दांडा हलके झटका. पिल्लं कागदावर पडून खेकड्यासारखी तिरकी पळतात. झाडाच्या चारही बाजूंचे आणि आतल्या सावलीतलेही मोहोर तपासा, कारण दाट, दमट भागात संख्या जास्त असते. एका मोहोरामागे पाचच्या वर दिसू लागले की थांबू नका.

पहिली फवारणी मोहोर फुटायच्या सुमारास, आणि ती फांद्यांच्या आतल्या भागापर्यंत आणि खोडाच्या भेगांपर्यंत पोचली पाहिजे. फक्त बाहेरचा पसारा भिजवला, तर लपलेले तसेच राहतात. फूल पूर्ण उमललेलं असताना कीटकनाशक मारू नका, परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात आणि फळधारणाच घटते. दुसऱ्या फेरीला औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध घ्या. पानं चिकट होऊन काळी काजळी दिसली, तर तो आधीच झालेल्या प्रादुर्भावाचा पुरावा आहे. वेळ ठरवायला त्याचा उपयोग नाही.

उत्तर २

पेरूबद्दल. मिथिल युजेनॉलकडे फक्त नर येतात. सापळा भरला म्हणजे माशी संपली असं नाही, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिवाय मिलन झालेली मादी शेजारच्या बागेतून उडत आली, तर तिला सापळ्याशी देणंघेणं नसतं. म्हणून सापळे फळ पिकायच्या बरेच आधी लागायला हवेत, फळ अजून कडक आणि हिरवं असताना. एकरी चार, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, फांदीच्या सावलीत. दर आठवड्याला माश्या मोजून लिहा. आकडा सलग दोन आठवडे चढला, तर फळात डंख दिसायच्या आधीच तुम्हाला इशारा मिळालेला असतो.

मादीसाठी वेगळा उपाय लागतो. अंडी पक्व व्हायला तिला प्रथिनं खावी लागतात, त्यामुळे प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळून खालच्या पानांवर ठिपके मारतात. सगळं झाड भिजवायची गरज नाही.

खरी गळती मात्र जमिनीवर असते. डंखलेलं फळ कापून पाहा: टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्राखाली गर मऊ आणि तपकिरी, आत बिनपायांच्या पांढऱ्या अळ्या, काही तर शरीर वाकवून टुणकन उडी मारतात. या अळ्या फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या थरात कोष करतात आणि उबदार दिवसांत दहा-बारा दिवसांत माश्या होतात. त्यामुळे पडलेली फळं दोन-तीन दिवसांआड उचला. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा. बांधावर नुसती टाकलेली फळं म्हणजे माशीची पैदास. झाडाखालची माती हलकी चाळवली की कोष ऊन आणि पक्ष्यांच्या तोंडी येतात. झाडं मोजकी असतील, तर सुपारीएवढी फळं झाल्यावर कागदी पिशवी घाला. डंख झाल्यावर घातलेली पिशवी अळीलाच संरक्षण देते.

उत्तर ३

लिंबावरच्या रेषा नागअळीच्या. तिचा पतंग नवतीच्या (नव्या पालवीच्या) अगदी कोवळ्या पानांवरच अंडी घालतो. पान कडक झालं की नागअळीचा धोका संपतो, म्हणून रेषा पक्क्या दिसत असताना मारलेलं औषध वाया जातं. नवती नखाएवढी असताना ५ टक्के निंबोळी अर्क मारा आणि नवती चालू असेपर्यंत आठवड्याने पुन्हा. मोठी झाडं हे नुकसान सोसतात, लहान रोपं नाही. नत्र जास्त आणि पाण्यात खंड पडला की नवती तुटक तुटक येते, आणि नागअळीला सतत कोवळं पान मिळतं. एकसारखी नवती आणणं हाच मोठा उपाय.

आणखी एक, फळं पिकताना रात्री रस शोषणारे पतंग येतात. त्यांच्या अळ्या लिंबावर वाढतच नाहीत, गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून त्यांचा शोध कुंपणावर घ्यायचा. संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन फळं पाहा, पतंगाचे डोळे चमकतात.

प्रश्नकर्ता

आभार. आंब्याच्या पिठ्या ढेकणासाठी पट्टी कधी बांधावी?

उत्तर १

या किडीची वर्षाला एकच पिढी. अंडी बुंध्याजवळच्या मातीत असतात, थंडीत पिल्लं फुटतात आणि खोडावरून चढतात. पट्टी त्याआधी लागली पाहिजे. जाड गुळगुळीत प्लास्टिकची एक फूट रुंद पट्टी जमिनीपासून फूटभर उंचीवर, दोन्ही कडांना सुतळी, खालच्या कडेवर ग्रीस. बांधण्याआधी त्या जागेवरच्या सालीच्या भेगा चिखलाने भरून सपाट करा. नाही तर पिल्लं पट्टीच्या खालूनच वर सरकतात आणि पट्टी बांधलेली असूनही झाडावर पांढरे पुंजके दिसतात. जमिनीला टेकलेल्या फांद्याही उचलून बांधा, त्यांचीही वाट होते. दर आठवड्याला ग्रीस तपासा, धूळ बसली की ते पुलाचं काम करतं.